रांग कुणाच्या दारी

लिपोव्येत्समध्ये त्या काळी तीन माणसांपुढे गाव वाकायचं. पाद्रीबाबा, डॉक्टर आणि गेनोवेफा कुरेक. पाद्रीबाबांकडे मेल्यानंतरची सोय होती, डॉक्टरांकडे आजारपणाची, आणि गेनोवेफाकडे रविवारच्या जेवणाची. माणूस रोज मरत नाही, रोज आजारीही पडत नाही, रविवार मात्र दर आठवड्याला उगवतो. त्यामुळे तिघांत जास्त वजन कुणाचं, हे गावाला ठाऊक होतं आणि गेनोवेफालाही.

चौकातल्या सरकारी मांसाच्या दुकानाची ती मॅनेजर होती. पहाट व्हायच्या आधीच दारापुढे रांग लागायची. म्हाताऱ्या बाया घडीची स्टुलं घेऊन यायच्या, कुणी नातवाला उभं करून चर्चला जाऊन यायचं. मग ट्रक यायचा. त्यात कधी नुसती हाडं आणि खूर, कधी थोडं डुकराचं मांस, आणि नशीब फळफळलं तर धुरावलेलं सॉसेज. गेनोवेफा पांढरा कोट घालून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून काउंटरमागे उभी राहायची. कुणाला काय मिळणार हे तिच्या डोक्यात ठरलेलं असे. चांगले तुकडे कागदात बांधून काउंटरखाली जायचे, उरलेलं वर. वरचं संपलं, की ती मान वर न करता म्हणायची, "संपलं." त्या एका शब्दावर अर्धी रांग पाय ओढत घरी जायची.

काउंटरखालच्या पुड्यांच्या बदल्यात तिला पुष्कळ काही मिळालं. चपलांच्या दुकानातल्या बाईने बूट बाजूला ठेवले, पोस्टातल्या साहेबाने फोन जोडून दिला. पण खरं सांगायचं तर तिला गोडी होती ती त्या आवाजाची. डॉक्टरांची बायको, डॉक्टरीणबाई, फरचा कोट घालून मागच्या दाराशी यायच्या, मान थोडी तिरकी करायच्या आणि अगदी हळू म्हणायच्या, "गेनोवेफाबाई, माझ्यासाठी जरा काहीतरी बाजूला ठेवाल का?" डॉक्टरीणबाईंसारखी बाई जगात दुसऱ्या कुणाशी त्या सुरात बोलत नसेल. तो सूर कानावर पडला, की दिवसभर थंडगार फरशीवर उभं राहून सुजलेले पाय गेनोवेफा विसरून जायची.

मागच्या दाराशी शनिवारी आणखी एक बाई यायची. लुत्सीना, तिची धाकटी जाऊ. गेनोवेफाचा नवरा झिग्मुंट आणि लुत्सीनाचा रोमेक हे सख्खे भाऊ. दोघांची घरं एकाच सरकारी इमारतीत, एकाच जिन्यावर. थोरलं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर, धाकटं चौथ्या. लुत्सीना कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, दिवसभर बाह्या जोडायची. ती पिशवी घेऊन दाराशी उभी राहिली, की गेनोवेफा म्हणायची, "थांब गं जरा. आधी बाहेरच्यांचं बघते. तू काय, घरचीच." लुत्सीना थांबायची. सगळे गेले, की गेनोवेफा तिच्या पिशवीत पुडी टाकायची. "घे. पोरांना खायला घाल. रोमेकच्या पगारात काय मेलं येतंय."

"उपकार झाले, जाऊबाई," लुत्सीना म्हणायची आणि फरशीकडे बघायची.

गेनोवेफाने तिला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. आपण धाकट्या जावेला पोटच्या पोरीसारखं सांभाळतो, असं ती नामदिनाच्या, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवसाच्या, पार्टीत सगळ्यांदेखत सांगायची, आणि तिला ते मनापासून वाटायचं.

मग एकोणनव्वद साल उजाडलं. जूनमध्ये निवडणूक झाली, टीव्हीवर नवे चेहरे आले. उन्हाळ्यात मांसाची रेशन कुपनं बंद झाली. नव्वदच्या जानेवारीत सरकारने भाव मोकळे सोडले आणि रात्रीतून सगळं उलटंपालटं झालं. गेनोवेफा सकाळी दुकान उघडायला गेली तर दारापुढे कुणीच नव्हतं. आधी तिला वाटलं आज कसलीतरी सुट्टी आहे. आत आकड्यांना मांस लटकत होतं, इतकं मांस तिने ईस्टरलासुद्धा एकत्र पाहिलं नव्हतं. लोक यायचे, पाटीवरचा भाव वाचायचे, ओठ मुडपायचे आणि जायचे. काउंटरखाली लपवायला कारणच राहिलं नाही. तिच्या हाताखालची बोझेना एकदा म्हणाली, "बाई, हे आजचं उरलेलं काय करायचं?" मांस उरतं, ही गोष्टच गेनोवेफाला माहीत नव्हती.

त्याच महिन्यात कपड्यांच्या कारखान्याने निम्म्या बायकांना घरी बसवलं. त्यात लुत्सीना होती. बातमी कळल्यावर गेनोवेफा चौथ्या मजल्यावर केक घेऊन गेली. तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटताना थोडं बरंही वाटलं होतं.

"काळजी करू नकोस," ती म्हणाली. "आम्ही आहोत ना. झिग्मुंटला सांगते, रेल्वेच्या कँटीनमध्ये भांडी घासायला बाई लागते का विचार म्हणून."

"बघू, जाऊबाई," लुत्सीना म्हणाली. "मी सोमवारी इस्तंबूलला चाललेय."

"कुठे?"

"इस्तंबूल. बस जाते इथून. कारखान्यातल्या चौघी आहोत. इथून काचेचे पेले न्यायचे, तिथून स्वेटर आणायचे."

गेनोवेफा हसत हसत खाली आली. "तुझ्या भावजयीचं डोकं फिरलंय," तिने झिग्मुंटला सांगितलं. "तिला वॉर्साला जाताना बसमध्ये उलट्या होतात, आणि चाललीये तुर्कांच्या देशात."

लुत्सीना गेली आणि परत आली. एक दिवस गेनोवेफाने दुकानाच्या काचेतून बाहेर पाहिलं तर चौकात, नेमक्या समोर, घडीची खाट टाकलेली. खाटेवर लाल, निळे, चमचमत्या दोऱ्याचे स्वेटर, आणि खाटेमागे डोक्याला रुमाल बांधून लुत्सीना. बर्फ पडत होतं आणि ती पाय आपटत ओरडत होती, "या ताई, हात लावून बघा, हात लावायचे पैसे नाहीत." गेनोवेफाला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुरेक घराण्याची सून, आणि रस्त्यावर खाट टाकून बसलीये. तिने बोझेनाला पडदा ओढायला सांगितला. थोड्या वेळाने स्वतःच तो पुन्हा बाजूला केला.

तिथून पुढे तिला त्या काचेचा नाद लागला. गिऱ्हाईक नसायचंच, मग बघायचं काय? दर आठवड्याला खाटेवर काहीतरी नवं यायचं. जर्मन साबण, कॉफी, मुलांची घड्याळं. लुत्सीनाच्या पायात नवे बूट आले. मग रोमेकने आपल्या कामावरून रजा घेतली आणि तिच्याबरोबर उभा राहू लागला. मार्चमध्ये त्यांनी जुनी गाडी घेतली, तिच्या दाराला गंज होता. गेनोवेफाने तो गंज झिग्मुंटला तीनदा तरी वर्णन करून सांगितला.

"चालते ना?" झिग्मुंट म्हणाला.

"चालते म्हणजे काय, गडगडते."

"आपली कुठली गडगडतेय?" असं म्हणून तो पेपर वाचायला लागला. त्या रात्री गेनोवेफा त्याच्याशी बोलली नाही.

इथवर तिला वाटणाऱ्या गोष्टीला ती चीड म्हणायची. चांगल्या घरच्या बाईने असं करू नये, एवढंच आपलं म्हणणं आहे, असं ती स्वतःला समजावायची. खरं नाव कळलं ते ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात.

लुत्सीना बर्लिनहून केळी घेऊन आली होती. पिवळीधमक केळी, खोकेच्या खोके. गेनोवेफा दुकानात हॅमवरची धूळ झटकत होती, इतक्यात बोझेना म्हणाली, "बाई, ते बघा." चौकात रांग लागली होती. खरीखुरी रांग, पुतळ्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत. जानेवारीपासून लिपोव्येत्समध्ये कुणी रांग पाहिली नव्हती. गेनोवेफाचे पाय आपोआप बाहेर वळले. कोट न घालताच ती चौकात गेली आणि रांगेच्या कडेने चालू लागली. सगळी तिचीच माणसं होती. कुणी नजर चुकवली, कुणी मान हलवली. अगदी पुढे, खाटेपाशी, डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मान थोडी तिरकी केली आणि हळूच म्हणाल्या, "लुत्सीनाबाई, माझ्यासाठी जरा एक घड बाजूला ठेवाल का?"

तोच सूर. तस्साच, एक कणही इकडेतिकडे नाही.

ही चीड नव्हती, हेवा होता, हे गेनोवेफाला तेव्हा कळलं. नवे बूट, गाडी, कॉफी, हे सगळं तिने पचवलं असतं. पण हा सूर तिचा होता. पंधरा वर्षं तिने तो थंडीत उभं राहून, सुऱ्याने बोटं कापून घेऊन मिळवला होता, आणि काल आलेल्या या बाह्या जोडणाऱ्या बाईला तो फुकट मिळाला होता.

"जाऊबाई," लुत्सीनाने तिला पाहिलं, "तुम्ही कशाला रांगेत? मागून या ना. तुमच्यासाठी ठेवलीयत मी."

रांगेतलं कुणीतरी हसलं. गेनोवेफा म्हणाली, "मला केळं सोसत नाही," आणि परत फिरली. तिने आयुष्यात दोनदाच केळं खाल्लं होतं आणि दोन्ही वेळा ते तिला फार आवडलं होतं. संध्याकाळी रोमेकचा धाकटा मुलगा पहिल्या मजल्यावर घड ठेवून गेला. झिग्मुंटने दोन खाल्ली. उरलेली टेबलावर काळी पडेपर्यंत गेनोवेफाने त्यांना हात लावला नाही.

मे महिन्यात नगरपालिकेची निवडणूक होती. वरून नावं ठरवून येत नव्हती, जो उभा राहील तो उभा राहील, अशी पहिलीच वेळ. नागरिक समितीची मंडळी चौकातल्या व्यापाऱ्यांना भेटायला आली आणि म्हणाली, तुमच्यातलं कुणीतरी हवं, बाजारात पाणी नाही, संडास नाही, तुमची बाजू कोण मांडणार? व्यापाऱ्यांनी लुत्सीनाचं नाव पुढे केलं. भिंतीवर तिचा फोटो लागला. रुमाल न बांधलेली, केस कापलेली, थोडी घाबरलेली लुत्सीना. गेनोवेफा त्या फोटोसमोर एकदा उभी राहिली, घरी आली आणि झिग्मुंटला म्हणाली, "मीही उभी राहतेय."

"कशासाठी?"

"गावासाठी."

झिग्मुंटने पेपर खाली ठेवला. तो रेल्वेत सिग्नलवर कामाला होता, विचार करून बोलणारा माणूस. "गेन्या, वॉर्ड एकच आहे. जागा एकच. तुम्ही दोघी एकमेकींसमोर उभ्या राहणार?"

"मग? लोकशाही आहे ना आता?"

"लोकशाही आहे, पण जिना एकच आहे," तो म्हणाला. पण गेनोवेफाने ठरवलं होतं.

ती दारोदार फिरली. तिचा हिशोब सोपा होता. या वॉर्डात असं एक घर नव्हतं, ज्याने तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. नामकरणं, लग्नं, मयतानंतरची जेवणं, सगळ्यांची सॉसेजं तिच्या काउंटरखालून गेली होती. लोक तिला आत बोलवायचे, चहा द्यायचे, "हो हो, गेनोवेफाबाई," म्हणायचे. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, जे तिला वाचता येत नव्हतं. काउंटरमागून दिसायचे ते हे चेहरे नव्हतेच.

ओल्शेव्स्का नावाच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी ते तिला वाचून दाखवलं. त्यांनी चहा ओतला, साखर पुढे केली आणि शांतपणे म्हणाल्या, "माझे यजमान शेवटच्या दुखण्यात होते तेव्हाची गोष्ट आहे. त्यांना सूप हवं होतं. मी पहाटेपासून उभी होते. माझा नंबर आला आणि तुम्ही म्हणालात, संपलं. मी बाहेर पडून कोपऱ्यावर दम घ्यायला थांबले, तर तुमच्या मागच्या दारातून पोस्टमास्तरांची बायको पिशवी घेऊन बाहेर पडली."

"मला ठाऊक नव्हतं तुमच्याकडे आजारपण आहे," गेनोवेफा म्हणाली. "सांगायचं होतं मला."

"तेच तर. सांगायला लागायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बिस्किट घ्या ना."

गेनोवेफा तिथून निघाली ती तणतणतच. म्हातारीला लुत्सीनाने पढवलं असणार, असं तिने जिना उतरताना पक्कं केलं. लुत्सीनाने काय केलं होतं असं? स्वेटर विकले. स्वेटर विकणाऱ्या बाईला कुणाला 'संपलं' म्हणावं लागत नाही. जिच्याकडे द्यायला पुरत नव्हतं, तिने वाईट व्हायचं, आणि जिच्याकडे खोकेच्या खोके आहेत ती मात्र चांगली, हा कुठला न्याय?

निवडणुकीच्या आधीच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. सगळे उमेदवार एका रांगेत खुर्च्यांवर. गेनोवेफाने निळा सूट घातला होता, केस बांधून घेतले होते. ती उठली आणि बोलू लागली, की आपण पंधरा वर्षं या गावाची सेवा केली. मागून एक जाडा आवाज आला, "कुठल्या दारातून?" हॉल हसला. ती थांबली. पुढचं सगळं डोक्यातून पुसून गेलं. हातातला रुमाल पिळत ती उभी राहिली, आणि मग लुत्सीना खुर्चीवरून उठली.

"हसू नका," लुत्सीना म्हणाली. "माझ्या जाऊबाई आहेत त्या. वाईट दिवसांत आमच्या घरी एकही सण त्यांनी सुका जाऊ दिला नाही. प्रत्येक शनिवारी माझ्या पिशवीत काहीतरी असायचंच."

हॉलमध्ये असा हशा उसळला की खिडक्या हलल्या. शनिवारी रांगेत 'संपलं' ऐकून परत गेलेले सगळे तिथेच बसले होते. लुत्सीना लाल होऊन आजूबाजूला बघत राहिली, जणू आपण काय बोललो ते तिला आता कळत होतं. गेनोवेफा खाली बसली. लुत्सीनाने हे मुद्दाम केलं की भोळेपणाने, हा प्रश्न तिने त्या दिवसापासून शेकडो वेळा स्वतःला विचारला. भोळेपणाने केलं असेल तर जास्त वाईट, असं तिला वाटायचं. कारण मग तिला दुष्टही म्हणता येत नव्हतं.

मतपत्रिकेवर दोन कुरेक होत्या, एकीखाली एक. लुत्सीना निवडून आली. गेनोवेफाला मिळालेली मतं इतकी थोडी होती, की कुणाकुणाची असतील हे ती अंथरुणात पडून मोजू शकत होती, आणि मोजताना एक मत कमी पडत होतं.

"तू कुणाला दिलंस?" तिने न्याहारीला झिग्मुंटला विचारलं.

"कुणालाच नाही."

"म्हणजे?"

"शाळेपर्यंत गेलो. बाहेर उभा राहून सिगारेट ओढली. परत आलो." त्याने पावाला लोणी लावलं. "एक भावजय, एक बायको. चाळीस वर्षं मला कुणी विचारलं नाही, कोण हवं म्हणून. आणि विचारलं ते हे."

तिला दुसऱ्या कुणाला दिलेलं मत चाललं असतं. त्या सिगारेटचा राग मात्र तिच्या मनातून फार दिवस गेला नाही.

उन्हाळ्यात सरकारी दुकानांचे गाळे नगरपालिकेच्या ताब्यात आले आणि भाड्याने द्यायचं ठरलं. दुकानात काम करणाऱ्यांनी अर्ज केला तर त्यांचा विचार आधी व्हावा, असं गावात म्हणत होते. निर्णय नगरसेवकांचा. म्हणजे लुत्सीनाचाही. गेनोवेफा आठवडाभर अर्ज घेऊन बसली. भरला तर जावेसमोर हात पसरल्यासारखं, न भरला तर पंधरा वर्षांचं दुकान हातचं जाणार. शेवटी तिने भरला. दुसरा अर्ज जिल्ह्याच्या गावच्या प्लूता नावाच्या घाऊक व्यापाऱ्याचा होता. त्याच्याकडे स्वतःचा कत्तलखाना होता, शीतपेटीचा ट्रक होता.

नगरपालिकेची सभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर लुत्सीना पहिल्या मजल्यावर आली. झिग्मुंट रोमेकबरोबर नदीवर मासे धरायला गेला होता. ती स्वयंपाकघरात उभीच राहिली.

"दुकान प्लूताला गेलं," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"मी तुमच्या विरुद्ध हात वर केला. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगावं, म्हणून आले."

गेनोवेफा बटाटे सोलत होती. तिने सुरी ठेवली नाही. "गाव म्हणालं असतं, जावेने जावेला दिलं. म्हणून ना? कळतं मला. नाव सांभाळायला हवं आता तुला."

"ते बाहेर सांगायला आहे," लुत्सीना म्हणाली. "खरं ते नाही. बाहेर थांबता आलं असतं मला. मतदानाच्या वेळी उठून जाता येतं, विचारलं होतं मी. पण मी बसले. मला हात वर करायचा होता, जाऊबाई."

"का?"

लुत्सीना खुर्ची ओढून बसली. "दर शनिवारी मी तुमच्या मागच्या दाराशी उभी राहायचे. तुम्ही म्हणायचात, थांब, तू घरचीच. पोस्टमास्तरांची बायको जायची, चपलांच्या दुकानवाली जायची, आणि मी घरची म्हणून शेवटी. मग पुडी देताना तुम्ही रोमेकच्या पगाराचं काढायचात. मी ते मांस शिजवायचे आणि माझ्या घशाखाली उतरायचं नाही. तुम्हाला आता माझा हेवा वाटतो, सगळ्या जिन्याला माहितीये. पण तुमचा हेवा सहा महिन्यांचा आहे. मी पंधरा वर्षं केलाय."

बटाट्याची साल हातातच राहिली. गेनोवेफाला राग यायला हवा होता. तो येईल म्हणून ती थांबलीही. पण आलं ते वेगळंच काहीतरी. जानेवारीपासून छातीत अडकलेली गाठ कुणीतरी बोटाने सैल करावी, तसं तिला वाटलं.

"माझा?" ती म्हणाली. "माझा कशाचा गं हेवा वाटायचा तुला?"

"कशाचा म्हणजे काय."

"नाही, सांग ना. मांसाचा?"

"मांसाचा नाही." लुत्सीना वैतागली. "तुमच्या त्या किल्ल्यांचा. तुम्ही चौकातून चालायला लागलात, की जुडगा वाजायचा आणि लोक फुटपाथवरून बाजूला व्हायचे. मला वाटायचं, एकदा, एकदाच माझ्यासाठी कुणीतरी बाजूला व्हावं."

"व्हायचे खरे," गेनोवेफा म्हणाली. "औषधवालासुद्धा व्हायचा."

"तो तर गटारात पाय घालायचा."

"आणि आणखी?"

"आणखी काय? तुमचा पांढरा कोट. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमची थोरली. माझ्याबद्दल म्हणायच्या, रोमेकची बायको."

गेनोवेफाने चहाचं आधण ठेवलं. तिने कपाटातून चांगले पेले काढले आणि लुत्सीनाकडून एकेक गोष्ट काढून घेतली. निळा सूट, फोन, नामदिनाला येणारी फुलं. लुत्सीना चिडून सांगत होती आणि गेनोवेफा भुकेल्यासारखी ऐकत होती. पंधरा वर्षांत डॉक्टरीणबाईंच्या त्या सुरात किती मांसासाठी होतं आणि किती तिच्यासाठी, हे तिला कधी कळलं नव्हतं. हे मात्र सगळं तिच्यासाठी होतं. निघताना लुत्सीना दारात थांबली.

"मी चुकले असं नाही म्हणणार मी," ती म्हणाली.

"मी तरी कुठे म्हणतेय?" गेनोवेफा म्हणाली. "पण मी विसरणार नाही हं."

"नका विसरू."

प्लूताने सप्टेंबरात दुकान घेतलं, बोझेनाला ठेवलं आणि गेनोवेफाला नारळ दिला. गिऱ्हाइकाशी हसून बोलणारी बाई हवी, असं त्याने तोंडावर सांगितलं. महिनाभर ती घरात बसली. मग तिने झिग्मुंटकडून चाकांचा गाडा करून घेतला, मोठं पातेलं आणलं आणि बाजारात गरम आतड्यांचं सूप आणि कोबीत शिजवलेलं मांस विकायला उभी राहिली. मांसातलं तिला कळत होतं. चवीला नाव ठेवायला जागा नव्हती. हसून बोलणं तिला तेव्हाही जमलं नाही. "मीठ कमी वाटतंय? जीभ दाखव आधी डॉक्टरला," असं ती गिऱ्हाइकाला सुनवायची आणि लोक दुसरी वाटी मागायचे. तिचा गाडा लुत्सीनाच्या दुकानापासून चार हातांवर होता. लुत्सीनाने तोवर खाट मोडून पत्र्याची टपरी टाकली होती. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की गेनोवेफा तिकडे किती माणसं आहेत बघायची, आणि पत्र्याआडून लुत्सीना इकडे बघताना दिसायची. सूप प्यायला मात्र लुत्सीना कधी आली नाही, आणि गेनोवेफाने तिच्याकडून बटणसुद्धा घेतलं नाही.

हेवा काही गेला नाही. नगरपालिकेच्या सभा लोकांसाठी खुल्या असतात हे गेनोवेफाला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून तिने एकही सभा चुकवली नाही. भिंतीलगतच्या बाकावर ती हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसायची. बाकी गाव टीव्हीपुढे असायचं. लुत्सीना काय बोलली, कुणाच्या बाजूने हात वर केला, कधी जांभई दिली, सगळं तिच्या ध्यानात राहायचं. रस्त्यावरच्या दिव्यांचं काम एका नगरसेवकाच्या मेहुण्याला गेलं, ते तिनेच पहिल्यांदा ओळखलं आणि सुपाच्या गाड्यावरून सगळ्या बाजाराला सांगितलं. काम रद्द झालं. मेहुण्याचं लुत्सीनाशी काही नातं निघेना, याचं तिला थोडं वाईट वाटलं.

त्या हिवाळ्यात एका सभेत बाजारातल्या गाड्यांवर नवी करपट्टी बसवायचा विषय आला. लुत्सीना त्या समितीची प्रमुख होती. तिने कागद वाचून दाखवला आणि अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. गेनोवेफाने हात वर केला.

लुत्सीनाने चष्म्यावरून पाहिलं. "बोला, जाऊबाई."

"पट्टी घ्या, माझी ना नाही," गेनोवेफा उभी राहून म्हणाली. यावेळी तिच्या हातात रुमाल नव्हता. "पण निवडणुकीत तुम्ही म्हणाला होता, बाजारात नळ आणि संडास येतील. मी अजून घरून पाणी वाहून नेते. नळ आधी की पट्टी आधी, ते सांगा, मी बसते."

बाकांवरच्या दोघातिघांनी मान हलवली. लुत्सीनाने कागद खाली ठेवला. तिच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या.

"पुढच्या सभेत सांगते," ती म्हणाली.

"मी येईन," गेनोवेफा म्हणाली आणि पिशवी सावरून खाली बसली.